मुलींत बसण्याची शिक्षा

बाई,

तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले आणि मला हायसं वाटतंय. हे वाक्य तुमच्या लेकीने, अस्मिताने वाचलं तर ती सोनिवलीहून चप्पल हातात घेऊनच अंबरनाथला येईल, म्हणून आधीच सांगतो, तुम्ही गेलात याचं हायसं नाही. त्याचं जे वाटायचं ते वाटतंच आहे. तिसरीच्या वर्गावरून जाताना मान आपोआप आत वळते. तिथे आता एक नवीन बाई असतात, त्या बिचाऱ्या दचकतात. परवा त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं म्हणे, पवार सर माझ्या वर्गात काय शोधतात.

हायसं वाटतंय ते वेगळ्याच कारणाने. तुमच्या बाराव्याला, तुमच्याच ओटीवर, मी एक काम उरकून आलो. काम तुम्ही शेवटी शेवटी दिलंत, पण ते नऊ वर्षं रखडलेलं होतं. तुम्हाला सांगायला हवं आणि सांगायची दुसरी सोय उरलेली नाही, म्हणून लिहितोय. भोईर बाईंबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ निघतील. माझ्याकडे माझ्या चुकांखेरीज दुसरं साहित्य नाही, आणि तुमच्या आठवणी नेमक्या त्यांनाच चिकटलेल्या आहेत.

आपल्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, इथून सगळं सुरू होतं. प्लायवूडचं पार्टिशन होतं. स्नेहसंमेलनाला ते घडी करून बाजूला सारायचं आणि दोन खोल्यांचा एक हॉल करायचा. बाकी वर्षभर मी दुसरीला जे शिकवायचो ते तिसरीलाही ऐकू जायचं, आणि तिसरीच्या बाईंनाही. साताऱ्याकडून आलेला मी. आवाज मोठा, अक्कल बेताची. पोरांना गप्प कसं बसवायचं याची एकच युक्ती मला येत होती आणि ती मी माझ्या गुरुजींकडून जशीच्या तशी उचलली होती: बडबड करशील तर मुलींत बसवीन.

जादू होती ती. छडी नको, ओरडा नको. डावीकडच्या बसायच्या पट्ट्यांवर मुलगे, उजवीकडच्या पट्ट्यांवर मुली, मधे माझी ये-जा करायची वाट. मुलगा वाट ओलांडून पलीकडे गेला की अख्खा वर्ग हसायचा आणि तो रडायचा. ओमकार तर एवढा रडायचा की शर्टाची कॉलर ओली व्हायची. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणायचे, काय शांतता आहे हो. मी फुगायचो.

एकदा शाळा सुटल्यावर तुम्ही डबा घासता घासता विचारलंत, "सर, तो ओमकार का रडत होता?"

"मुलींत बसवला."

"बरं. आणि मुलगी बोलली तर?"

"तिला मुलांत बसवतो. मी भेदभाव करत नाही, बाई."

"ती रडते?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "रडत नाही. लाजते जरा. मग बसते."

"म्हणजे तिची बढती होते," तुम्ही म्हणालात, आणि डब्याचं झाकण लावलंत.

मला ते कळायला कल्याणपर्यंतचा प्रवास लागला. कळल्यावर रागच आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पार्टिशनजवळ उभा राहून तिघांना मुलींत बसवलं.

आता ती गोष्ट. तुम्हाला ती माहीत होती, पण माझ्या तोंडून सलग अशी कधी ऐकली नाहीत.

त्या दिवशी तुम्ही प्रशिक्षणाला बदलापूरला गेला होतात. तुमची तिसरी पलीकडे चित्रं काढत बसली होती. मी ओमकारला उचलून सानिकाच्या शेजारी बसवलं. सानिका म्हणजे बुवापाड्यातली, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. तिने बोट वर केलं. मला वाटलं लघवीला जायचं असेल.

"सर, ह्याला इथे बसवलं ही ह्याला शिक्षा ना?"

"हो."

"मग आम्ही रोज इथेच बसतो. आमचं काय चुकलं?"

 मुलगेही हसले नाहीत. सात वर्षांची पोर, चिडलेली नव्हती, रुसलेली नव्हती. खरंच विचारत होती. आपण कुठे चुकलो ते कळलं तर सुधारता येईल, अशा तोंडाने.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मुलीच्या जातीला एवढं बोलणं शोभत नाही. खाली बस."

ती बसली. गुडघे जवळ घेतले, फ्रॉक ओढून पायांवर घेतला आणि बसली. त्यानंतर तिचं बोट वर झालं नाही. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

तुम्ही प्रशिक्षणाहून परत आलात तेव्हा मी तुम्हाला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. अर्धीच. सानिकाचा प्रश्न तिच्या बोबड्या आवाजात करून दाखवला. तुम्ही हसला नाहीत. हातातला खडू खाली ठेवलात.

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

तिथे मी थाप मारली. का, ते आजही सांगता येणार नाही. तुमच्या डोळ्यांत पहिल्यांदाच माझ्याकडून काहीतरी अपेक्षा दिसली असावी. मी म्हणालो, "मी तिला म्हटलं, बाळा, प्रश्न चांगला आहे. मी विचार करून सांगतो."

तुमचा चेहरा असा उजळला की मला चोरी केल्यासारखं झालं. "शाब्बास," तुम्ही म्हणालात. सहा वर्षांत पहिलं शाब्बास. मी ते खिशात घातलं आणि गेलो.

पण तुमचा पिच्छा सुटणार होता थोडाच? रोज शाळा सुटली की पार्टिशनवर टकटक व्हायची. "सर, केलात का विचार?" शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारायचात, "आमच्या सरांचा विचार चाललाय, बरं का." चौथ्या दिवशी मी कंटाळून म्हणालो, "बाई, मुलींत बसणं म्हणजे नक्की काय ते मला माहीतच नाही, विचार कशाचा करू?"

"मग बसा की," तुम्ही म्हणालात. "एक दिवस."

तुम्हाला वाटलं मी टाळीन. मलाही तसंच वाटलं होतं.

बसलो. पाठ टेकायला भिंत नाही, समोर फळा, आणि फळ्यापाशी शिकवायला तुमच्या तिसरीतल्या दोन पोरी पाठवलेल्या, पाढे घ्यायला. मी मांडी घालून बसलो तर सानिकाने आठवड्याने पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं.

"सर, असं नाही बसायचं. गुडघे मिटून बसायचं. असं."

"का?"

"असंच बसायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

तिने जरा विचार केला. "सगळेच सांगतात."

मी गुडघे मिटून बसलो. पलीकडे मुलगे पाय पसरून, लोळून, एकमेकांच्या पाठीवर डोकं ठेवून पाढे म्हणत होते. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं, निदान पायांबद्दल तरी. सहा वर्षं त्या वर्गात उभा होतो, हे मला दिसलं नव्हतं. उभ्या माणसाला पट्टीवरच्या मांड्या दिसत नाहीत. आणि दिसलं की पाणी आणायचं असलं की मी न बघता सानिकाचं नाव घेतो, टेबल हलवायचं असलं की न बघता ओमकारचं. सानिका सकाळी घरून दोन हंडे भरून यायची, हे मला त्याच दिवशी तिच्याच तोंडून कळलं. ओमकारला टेबलाचा पाय धरता येत नव्हता, तो नुसता जोर लावल्याचा आवाज काढायचा.

मधल्या सुट्टीत त्यांनी सागरगोटे काढले. मी पहिल्याच फेरीत बाद झालो. दुसऱ्याही. पोरी मला शिकवायला लागल्या, मग ओरडायला लागल्या, मग त्यांनी मला डावातून काढून टाकलं आणि मोजायला बसवलं. ओमकार कडेला उभा होता. न रडता, कोणी न पाठवता वाट ओलांडून आला आणि म्हणाला, "सर, तुमचा डाव मी खेळू?" मुख्याध्यापक नेमके तेव्हा आले. मी घाईने उठायला गेलो, तर मिटलेल्या गुडघ्यांनी पायाला अशा मुंग्या आणल्या होत्या की मी वर्गाला लोटांगण घातलं. पार्टिशनच्या पलीकडून तुमचं हसणं ऐकू आलं. तिसरी हसली, दुसरी हसली. मुख्याध्यापकांनी काही न विचारता दार लावून घेतलं.

त्या दिवसानंतर ती शिक्षा मी बंद केली. बंद केली म्हणजे करावी लागली. मुलगे आपण होऊन बडबड करून विचारायला लागले, सर, जाऊ का तिकडे? सागरगोट्यांसाठी. शिक्षेत काही दमच उरला नाही.

ओमकारच्या वडिलांची फेरी तुम्हाला आठवत असेल. मी घाबरून त्यांना पार्टिशनपलीकडे तुमच्याकडे पाठवलं आणि फटीला कान लावला. एरवी शाळेत पुस्तकातलं बोलणाऱ्या तुम्ही गाववाल्याशी एकदम घरच्या बोलीत आलात.

"बाय, पोरगा घरान सागरगोटं खेलतंय. लोकं हसतान."

"हसू दे. तुझे मेव्हन्याचे हलदीला डोक्यावर पदर घेऊन कोन नाचलेला?"

त्यांचा आवाज उतरला. मग: "ती हलद व्हती बाय."

"मंग ही शाला हाय. जा कामाला."

गेले ते. जाताना माझ्याकडे बघून हसले. माझ्यावर त्या दिवसांत सगळेच हसत होते, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी उल्हासनगरला जाऊन वर्गासाठी उड्या मारायच्या दोऱ्या आणल्या. सिंधी दुकानदार म्हणाला, "लेडीज़ स्कूल है क्या, साईं?" म्हटलं, नाही, मुलगेपण आहेत. "तो फिर लड़कों के वास्ते बॉल ले जाओ." मी बाणेदारपणे सगळ्या दोऱ्याच घेतल्या. शाळेत आणल्यावर मुलींनी विचारलं, "सर, आम्हाला बॉल का नाही आणला?" हा माझा समानतेचा पहिला प्रयोग.

दुसरा त्याहून वाईट. मी जोमात होतो. हजेरीच्या क्रमाने एक मुलगा, एक मुलगी, एक मुलगा, एक मुलगी असं सगळ्यांना बसवलं आणि तुम्हाला बघायला बोलावलं. तुम्ही दारात उभ्या राहून बघितलंत. प्रत्येक दोघांमध्ये दप्तराची भिंत होती. काहींनी पट्टीवर खडूने रेघ ओढली होती. एक मुलगी शेजारच्याला सांगत होती, तुझं कोपर माझ्या देशात आलं.

मला वाटलं तुम्ही शाब्बास म्हणाल. तुम्ही म्हणालात, "परत शिक्षाच दिलीत की, सर. आधी एकाला देत होतात, आता चाळिसांना."

"मग काय करायचं? वेगळं बसवलं तरी चूक, एकत्र बसवलं तरी चूक?"

"बसवू नका. बसू द्या."

ह्यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचो, मोकळं सोडलं तर ती घरून शिकून आलेलंच करणार, मुली मुलींत जाणार, मुलगे मुलांत. शाळेने काहीतरी मोडायला नको? तुम्ही म्हणायचात, मोडा, पण आधी त्यांना वाट तरी ओलांडू द्या, आपल्या पायांनी. एकदा मी चिडून म्हणालो, जगाची रीतच तशी आहे, बाई. तेव्हा तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत. त्या धवलारीण होत्या, लग्नात धवले गाऊन विधी करणाऱ्या. त्यांचा आवाज लागल्याशिवाय गावात लग्न लागायचं नाही, भटजी आले तरी आधी आईचं गाणं. "लहानपणी मला वाटायचं, लग्न लावणं हे बायकांचं काम," तुम्ही म्हणालात. "शाळेत गेल्यावर पुस्तकातल्या चित्रात भटजी बघितला आणि आईची लाज वाटायला लागली. हे मला आईला सांगायचं होतं, कित्येक वर्षं. राहिलं." मग चष्मा पुसत बसलात. मी जिंकायच्या बेतात होतो, पण उठून तुमच्यासाठी पाणी आणायला गेलो.

तो वाद तसाच राहिला. मला अजून वाटतं थोडं मोडायला हवं. आता माझ्या वर्गात मोकळं बसतात, ते तुमचं. सोमवारी मात्र चिठ्ठ्या काढून बसतात, ते माझं. तुमचं म्हणणं काय ते ऐकायचं होतं. चिडला असतात.

आता थापेकडे येतो. ती थाप तुम्ही जिथे तिथे सांगितलीत. नवीन शिक्षक आले की त्यांना, पालकसभेत पालकांना. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तर स्टेजवरून: "आमचे पवार सर सात वर्षांच्या मुलीला म्हणाले, प्रश्न चांगला आहे, विचार करून सांगतो. शिक्षक असा असावा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार. त्या दिवशीचे बटाटेवडे माझ्या घशाखाली उतरले नाहीत. म्हणजे दोन उतरले, तिसरा नाही.

ती शाबासकी इतकी वर्षं अंगावर वागवली. नव्या मुलीने बोट वर केलं की तोंडात येणारं वाक्य गिळून म्हणायचो, प्रश्न चांगला आहे. दर वेळी वाटायचं, सानिकाला मात्र आपण काय म्हणालो होतो.

तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर सोनिवलीला आलो. तुमच्या घराच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, ओटीवर दुपारीही सावली. तुम्ही खाटेवर होतात, अगदी एवढ्याशा झालेल्या. मी वाटेत पाठ करून आलो होतो. "बाई, ते विचार करून सांगतो... तसं मी म्हणालो नव्हतो." आणि जे म्हणालो होतो ते सांगितलं. शब्दन् शब्द.

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "ठाऊक हाय. तिसरीत आली तवाच सांगितलंन पोरीनं."

म्हणजे स्टेजवर उभ्या राहून, सगळं ठाऊक असताना.

"मग तुम्ही सगळीकडे का सांगत सुटलात?"

"तू खोटं बोललास, पण चांगलं खोटं बोललास." त्या दिवशी पहिल्यांदा मला तू म्हणालात. "म्हटलं, चारचौघांत सांगत राहू. याला खरं करावं लागंल."

 म्हटलं, "माफ करा, बाई."

तुम्ही एक डोळा उघडलात. "मना काय सांगतंस? तिला सांग."

हेच ते काम. आणि मी काय केलं? उद्या सांगू म्हटलं. सानिका आता अकरावीत, कॉलेजला जाते, एवढ्या मोठ्या मुलीला वाटेत थांबवून काय सांगायचं? तिचं घर माहीत होतं. दोनदा बुवापाड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा जायच्या आधी अस्मिताचा फोन आला.

बाराव्याला मी उशिरा पोचलो. मांडवात पुरुषांच्या खुर्च्या भरलेल्या. ओटीवर आणि आतल्या सतरंज्यांवर बायका. मी चपला काढून खांबाला धरून उभा राहिलो. ओटीच्या कडेला एक मुलगी बसली होती, मांडी घालून, चांगली ऐसपैस. वेण्या नव्हत्या, केस कापलेले. दात सगळे जागेवर. तिनेच ओळखलं.

"सर, ओळखलंत का?"

"सानिका."

"बाईंनी सांगितलेलं, सर येतील."

 म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. खाली वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "दुसरीत असताना मी तुला एक बोललो होतो. तुला आठवत नसेल..."

"आठवतंय ना. मुलीच्या जातीला शोभत नाही." तिने माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं, साताऱ्याच्या हेलासकट. शेजारच्या दोन बायकांनी वळून बघितलं. "आठवडाभर मी बोललेच नव्हते. आईला वाटलं घसा धरलाय, काढा पाजत होती. मग तुम्ही आमच्यात येऊन बसलात, सागरगोट्यात हरलात आणि आडवे पडलात. म्हटलं, ह्यांना काय घाबरायचं."

मी हसलो. इतकी वर्षं ज्याचं ओझं वाहत होतो ते एका लोटांगणात फिटलेलं होतं आणि मला कोणी कळवलं नव्हतं. निघायला वळलो.

"पण सर," ती म्हणाली, "उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही."

आणि माझ्याकडे बघत राहिली. तशीच, बाई. चिडलेली नाही, रुसलेली नाही. खरंच विचारत होती.

इतकी वर्षं मी त्या उत्तराचं भाषण तयार केलं होतं. त्यात समाज होता, संस्कार होते, शिक्षणव्यवस्था होती. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "माझं चुकलं होतं."

तिने मान डोलवली. गणित बरोबर आल्यावर डोलवावी तशी. मग सरकली, सतरंजीवर जागा केली आणि म्हणाली, "उभे का? बसा की."

मांडवातून कोणीतरी हाक मारत होतं, सर, इकडे या, इकडे खुर्ची देतो. नको म्हटलं. बसलो. एका बाजूला सानिका, दुसऱ्या बाजूला तुमची धाकटी जाऊ, समोर तुमचा फोटो, तोच चष्मा. माझे गुडघे आपोआप जवळ यायला लागले तर सानिका म्हणाली, "नीट मांडी घाला, सर, परत मुंग्या येतील."

मांडी घातली. तुमच्या जावेने चहाचा कप हातात दिला. आणि मग, बाई, तुम्हाला म्हणून सांगतो, मुलींत बसवलेल्या पोरासारखा मी रडलो. कॉलर ओली होईपर्यंत. कोणी हसलं नाही. मलाही लाज वाटली नाही, कारण या खेपेला ती शिक्षा नव्हती.